ईश्वराविना धर्म : मीमांसकांची भूमिका आणि तिची परिणती

ईश्वर मानणारा तो आस्तिक व न मानणारा तो नास्तिक, हा रूढ अर्थ भारतीय दर्शनांच्या इतिहासाला लावू गेल्यास पहिली अडचण पूर्वमीमांसेपाशी येते. वेदप्रामाण्याचा सर्वांत कडवा कैवार घेणारे हे दर्शन जगत्कर्त्या ईश्वराला स्थान देत नाही. यज्ञयागांचा एवढा संभार ज्यांनी तर्काने सावरून धरला, त्यांनीच तो ईश्वरावाचून सावरावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्यामागील विचारसरणी ध्यानात घेतली म्हणजे दुसरा मार्ग त्यांना फारसा मोकळा नव्हता असे दिसून येते.

मीमांसकांच्या मते धर्माचे ज्ञान वेदातील विधिवाक्यांवरूनच होते आणि वेद अपौरुषेय आहेत. ग्रंथाला कर्ता असला की त्याच्या अज्ञानाचा वा कपटाचा दोष ग्रंथात उतरण्याची शंका उरते. कर्ताच नसेल तर शंकेला जागाच नाही. वेद ईश्वराने रचले असे म्हणावे, तर वेदाचे प्रामाण्य ईश्वरावर आणि ईश्वराचे ज्ञान वेदावर, असा अन्योन्याश्रय ओढवतो. कर्मफलासाठीही ईश्वराची अपेक्षा नाही. याग आज संपला आणि स्वर्ग मरणोत्तर मिळावयाचा, या दोहोंमधील अंतर ‘अपूर्व’ नामक शक्तीने भरून निघते. शबरस्वामींनी तर नवव्या अध्यायाच्या भाष्यात देवतांनाही शरीर नाही, त्या हविर्भक्षण करीत नाहीत व प्रसन्न होऊन फळ देत नाहीत, असे प्रतिपादिले. यागात कर्म प्रधान. देवता त्याचे केवळ अंग.

सातव्या शतकातील कुमारिलभट्टांनी श्लोकवार्तिकाच्या ‘संबंधाक्षेपपरिहार’ प्रकरणात हा विचार सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर रोखला. प्रयोजनावाचून मूर्खही कामास हात घालीत नाही, मग ईश्वराने जग का निर्मावे? करुणेने म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणेला पात्र असा दुःखी जीवच नव्हता. आणि करुणेतून निपजलेले जग सर्वथा सुखमय असावयास हवे होते. कुंभाराचा दृष्टांत घ्यावा, तर कुंभाराप्रमाणेच ईश्वरही सशरीर व नश्वर ठरेल. बौद्ध पंडित धर्मकीर्ती यानेही याच अनुमानावर आघात केला होता : मातीचा घडलेला आकार पाहून कुंभाराचे अनुमान करावयाचे, तर वारूळही कुंभारानेच केलेले मानावे लागेल. वेदांचा कैवारी आणि वेदांचा वैरी या एका प्रश्नावर शेजारी उभे राहिले. दोघांना एकमेकांचा शेजार रुचला नसता, हे वेगळे.

नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा अकराव्याच्या आरंभी ‘न्यायकुसुमांजली’त या आक्षेपांना उत्तर दिले. कर्तृत्वाला शरीर आवश्यक नाही. उपादानाचे ज्ञान, कार्य करण्याची इच्छा व प्रयत्न एवढेच पुरे, हे त्या उत्तराचे मर्म. ग्रंथाच्या पाच स्तबकांपैकी दुसरा मुख्यतः मीमांसकांसाठी आहे. प्रामाण्य स्वतःसिद्ध नसून गुणांवर अवलंबून असते, म्हणून वेदालाही गुणवान वक्ता हवा, असे तेथे म्हटले आहे. यातील प्रत्येक दुवा आज मान्य होईल असे नाही. वारुळाचा आक्षेप तर पूर्णपणे निकालात निघाला असे म्हणणे कठीण आहे. पण उदयनांची खरी भूमिका आरंभीच प्रकट होते. ज्याला कारागीरही विश्वकर्मा म्हणून भजतात, त्याच्याविषयी संशय तरी कसला, असे विचारून ही चर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन, अर्थात उपासनाच आहे, असे ते सांगतात. अखेरीस ते ईश्वराकडे नास्तिकांसाठी रदबदली करतात : खंडनाच्या निमित्ताने का होईना, त्यांनीही तुझेच चिंतन केले. सिद्ध करून मग श्रद्धा ठेवावी, असा हा क्रम नव्हे. श्रद्धा आधीची आहे, प्रमाणे मागाहून आली आहेत.

मीमांसकांच्या बाजूस याच्या उलट ताण दिसतो. श्लोकवार्तिकाचे मंगलाचरण चंद्रार्धधारी शिवाला उद्देशून आहे. पार्थसारथिमिश्रांनी त्याचा यज्ञपर अर्थही लावून दाखविला, यावरून ही विसंगती टीकाकारांना बोचत होती असे अनुमान होते. सतराव्या शतकात आपदेवांनी ‘मीमांसान्यायप्रकाशा’च्या शेवटी ईश्वरार्पणबुद्धीने केलेले कर्म मोक्षास कारण होते, असे लिहिले. आपदेवांचा पुत्र अनंतदेव याने आपल्या कुळाचे मूळ गोदातीरीच्या एकनाथांपर्यंत नेले आहे, आणि ते एकनाथ म्हणजे पैठणचेच संत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर घरातील भक्तीने शास्त्राचा उंबरठा ओलांडला, असेच म्हणावे लागेल.

त्याच शतकात काशीस खंडदेवाने ‘भाट्टदीपिका’ लिहिली. देवताधिकरणात त्याने देवतेच्या शरीराचे व फलदातृत्वाचे खंडन जैमिनीच्या मताचा निष्कर्ष म्हणून चोख मांडले. आणि लगेच पुढे लिहिले की, असे बोलताना आपली वाणी विटाळते, तेव्हा हरिस्मरण हेच आपणास शरण होय. मात्र खंडनाचा मजकूर त्याने ग्रंथातून गाळला नाही, की सौम्यही केला नाही.