जखमी हृदय आणि मूलपेशींचा दावा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीमुळे बंद झाली की काही तासांत त्या भागातील स्नायूपेशी मरतात. मोठ्या झटक्यात अशा सुमारे शंभर कोटी पेशी नष्ट होऊ शकतात. त्यांच्या जागी तयार होणारा तंतुमय वण हृदयाची भिंत सांधतो, पण तो आकुंचन पावत नसल्याने उरलेल्या स्नायूवरचा ताण वाढत जातो आणि हृदय हळूहळू दुबळे होते. ही हानी आपोआप भरून निघत नाही, कारण स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे पंचविशीतही वर्षाला जेमतेम एक टक्का स्नायूपेशी नव्याने तयार होतात.

म्हणूनच संशोधक मूलपेशींकडे, म्हणजे स्वतःची संख्या वाढवत निरनिराळ्या प्रकारच्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशींकडे वळले. अस्थिमज्जेतील अशा पेशींपासून उंदरांच्या हृदयात नवा स्नायू तयार झाल्याचा दावा पिएरो अन्वर्सा व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये केला आणि रुग्णांवरील चाचण्यांनाही वेग आला. मात्र २००४ मध्ये त्याच नियतकालिकातील दोन शोधनिबंधांनी या पेशी स्नायूपेशी बनत नसल्याचे दाखवले, तर अन्वर्सा यांच्या प्रयोगशाळेतील ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डने केली. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाला उंदरांत मृत पेशी टोचूनही हृदयाचे काम सुधारल्याचे आढळले. त्यांच्या मते हा परिणाम नव्या स्नायूचा नसून, भक्षकपेशी जाग्या होऊन वणाची घडण बदलल्याचा होता.

आता दिशा बदलली आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतील प्रौढ पेशींना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. मानवी पेशींवरही साधलेल्या या तंत्राने प्रयोगशाळेत स्नायूपेशी आधीच घडवून त्यांचे ठिगळ हृदयावर बसवता येते. ओसाका विद्यापीठाने २०२० मध्ये रुग्णावर असे पहिले रोपण केले, तर जर्मनीतील ग्योटिंगेनच्या गटाने २०२५ मध्ये एका रुग्णाच्या हृदयावर हा स्नायू तगल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. तरीही रोपित पेशींमुळे ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची गरज हे प्रश्न सुटलेले नाहीत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयविकारावर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. त्यामुळे पैसे घेऊन असे उपचार देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून रुग्णांनी दूर राहावे आणि छातीत दुखू लागताच, वेळ न दवडता, बंद धमनी उघडण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे.