लाख फाइलींची हजेरी

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी वसलेले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. तिला २०१६ साली तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिच्या चार-चार किलोमीटरच्या काटकोनी भुजा आणि त्यांतील लेसर यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु अशा वेधशाळेचा दुसरा पसारा फाइलींचा असतो, आणि संगणकांना शिस्त लावणारी एरवीची भरवशाची साधने नेमकी या पसाऱ्यापुढे हात टेकतात.

शेकडो सर्व्हर एकसारखे ठेवण्याचे काम एकेका यंत्रापुढे बसून होत नाही, म्हणून ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ साली सीएफइंजिन रचले; पुढे २००५ मध्ये पपेट आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आले. या वर्गाला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात, आणि त्याची रीत अशी की प्रशासक पायरीपायरीने हुकूम सोडत नाही, तर अपेक्षित स्थिती लिहून ठेवतो: अमुक फाइल असावी, तिचा मालक अमुक, परवानग्या अमुक, मजकूर अमुक. साधन प्रत्यक्ष स्थिती तपासते आणि फरक आढळला तरच हात लावते. पपेटचा एजंट ही फेरी मूळ मांडणीनुसार दर तीस मिनिटांनी करतो.

पाच-पन्नास फाइलींपुरती ही रीत नामी आहे. दुखणे सुरू होते ते एखाद्या डिरेक्टरीपुढे ‘रिकर्स’, म्हणजे आतल्या सर्व थरांसकट, असा एक शब्द लिहिला जातो तेव्हा. त्या क्षणी पपेटच्या लेखी ती एक डिरेक्टरी राहत नाही. आतली प्रत्येक फाइल हा स्वतंत्र ‘रिसोर्स’ होतो, त्याच्यासाठी स्मृतीत जागा घेतली जाते आणि त्याची हजेरी स्वतंत्रपणे लागते. मजकूरही जुळवायचा असेल तर फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचून तिचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, तयार करावा लागतो. फाइली नेटवर्कवरील साठ्यात असतील आणि एका चौकशीला एक मिलिसेकंद लागत असेल, तर पाच लाख फाइलींचे मालक विचारण्यातच आठ मिनिटे जातात, आणि बदललेले तर काहीच नसते.

पाच लाख ही संख्या हवेतली नाही. अमेरिकेतील लायगोच्या कच्च्या नोंदी ६४ सेकंदांच्या तुकड्यांत साठवल्या जातात, म्हणजे लहरींचे शोधयंत्र अखंड चालल्यास वर्षाला सुमारे ४ लाख ९० हजार फाइली होतात. प्रत्येकीच्या नावात आरंभीचा सेकंद लिहिलेला असतो, तोही ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर ११२६२५९४६२ या सेकंदाची, म्हणून ती ज्या तुकड्यात सापडते त्याच्या नावात ११२६२५९४५६ हा आरंभ आणि ६४ ही लांबी येते. खरी मेख पुढे आहे: डिरेक्टरीच्या नावाला आरंभीचे पाच अंक, इथे ११२६२, जोडलेले असतात, त्यामुळे एका डिरेक्टरीत एक लाख सेकंदांचा, म्हणजे अठ्ठावीस तासांहून किंचित कमी काळाचा, ऐवज मावतो आणि कच्च्या फाइलींची संख्या सोळाशेच्या आत राहते. पाच अंकांची ही काटछाट कोणत्याही महागड्या उपायापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल.

जेथे अशी विभागणी झालेली नसते तेथे निदानाला बसावे लागते. साधन ‘अडकले’ आहे असे म्हणून ते पुन्हा सुरू करणे हा सर्वात रूढ आणि सर्वात निरुपयोगी उपाय आहे, कारण ते अडकलेले नसते, मोजत असते. काय मोजत आहे, हे एसट्रेस या आज्ञेने दिसते. चालत्या प्रोग्रॅमने लिनक्सच्या गाभ्याकडे केलेली प्रत्येक मागणी ती ओळीओळीने दाखवते. पडद्यावर ‘एलस्टॅट’च्या ओळींचा पाऊस पडत असेल तर मालक आणि परवानग्यांची विचारपूस चालू आहे, ‘रीड’च्या ओळी असतील तर चेकसमसाठी वाचन चालू आहे, आणि ओळी जवळजवळ थांबल्या असून प्रोसेसर पूर्ण राबत असेल व स्मृती फुगत असेल, तर बहुधा रिसोर्सांची यादीच साधनाला पेलत नाही. साधी एलएस ही आज्ञासुद्धा अशा डिरेक्टरीत मुकी बसते, कारण ती नावे दाखवण्याआधी सगळी क्रमाने लावते.

उपाय कारणानुसार बदलतो. चेकसमचा भार असेल तर पपेटला केवळ बदलाची वेळ पाहण्यास सांगता येते. अ‍ॅन्सिबलची कॉपी ही सोय शेकडोंपलीकडच्या फाइलींसाठी नाही, असे तिच्या माहितीपत्रकातच सांगितलेले असून त्याऐवजी आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमवर आधारलेली सोय सुचवलेली आहे. १९९६ सालचे आरसिंक आकार आणि वेळ जुळली की फाइल उघडतही नाही. यादीच पेलत नसेल तर मात्र रिकर्स काढून टाकणे हाच मार्ग उरतो. वारीत चोपदार दिंड्या लावतो, वारकरी मोजत बसत नाही. त्याच न्यायाने साधनाकडे फक्त वरच्या डिरेक्टरीचा मालक, गट आणि परवानग्या द्याव्यात, आणि तिच्यावर ‘सेटजीआयडी’ ही खूण ठेवावी, म्हणजे आत नव्याने तयार होणाऱ्या फाइलीला तोच गट आपोआप लाभतो.

रिकर्सच्या सोबतीला ‘पर्ज’ लिहिलेले असेल तर मात्र प्रश्न वेगाचा राहत नाही. पर्जचा अर्थ, यादीत नाही ते काढून टाकणे. आणि शोधयंत्राने मिनिटापूर्वी लिहिलेली नोंद कोणत्याच यादीत नसते. म्हणून अशी ओळ दिसली की एजंट प्रथम ‘नूप’ पद्धतीने, म्हणजे काहीही न बदलता केवळ काय बदलले असते एवढे सांगण्यापुरता, चालवून पाहावा आणि त्याने काढायला घेतलेल्या फाइलींची नावे वाचावीत.