जुन्या दुर्बिणीचें दान

हौसेनें घेतलेली दुर्बीण बहुधा दोन ठिकाणीं आपलें आयुष्य कंठते : पहिलीं कांहीं वर्षें गच्चीवर आणि उरलेलीं सारीं माळ्यावर. मालकाचे गुडघे जिना चढूं देत नाहींत, शहरांतील दिव्यांच्या उजेडांत तारे बुडून गेलेले असतात, आणि मुलांना नाद असतो तो निराळाच. विकावी तर मोल येत नाहीं. टाकून द्यावी तर मन धजत नाहीं. अशा दुर्बिणीचें काय करावें, याचें उत्तर ज्योतिषाच्या इतिहासांतच सांपडतें.

इ. स. १७७३ मध्यें इंग्लंडांतील बाथ शहरीं राहणाऱ्या विल्यम हर्शेल या संगीतशिक्षकानें एका गृहस्थापासून आरसे घांसण्याची जुनी सामग्री विकत घेतली. साचे, हत्यारें, झिलईचीं साधनें आणि अर्धवट राहिलेले आरसे, एवढाच तो पसारा. त्यावर हात बसवून हर्शेलनें स्वतः आरसे घडविले, आणि अशा स्वहस्तें केलेल्या दुर्बिणींतून १३ मार्च १७८१ च्या रात्रीं त्याला युरेनस ग्रह दिसला. एका घरची अडगळ दुसऱ्या घरीं साधन झाली.

याहून जवळचा दाखला अविभक्त बंगालमधील जेसोर येथचा आहे. राधागोविंद चंद्र हे तेथील सरकारी खजिन्यांतील एक साधे नोकर. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९१२ सालीं त्यांनीं तीन इंच व्यासाची दुर्बीण मिळविली. आणि पुढें रूपविकारी ताऱ्यांचें, म्हणजे ज्यांचें तेज कमीजास्त होत असतें अशा ताऱ्यांचें, निरीक्षण आरंभिलें. आपल्या नोंदी ते अमेरिकेंतील अशाच निरीक्षकांच्या संस्थेकडे धाडीत. त्या नोंदींची किंमत ओळखून संस्थेनें १९२६ मध्यें चार्ल्स एल्मर या सभासदाची सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठविली. व्यास दुप्पट झाला कीं भिंगाचें क्षेत्रफळ, आणि म्हणून गोळा होणारा प्रकाश, चौपट होतो. पूर्वीपेक्षां सुमारें दीड प्रतीनें मंद असलेले तारे त्यांच्या आटोक्यांत आले. १९५४ पर्यंत त्यांच्या निरीक्षणांची संख्या ३७,००० च्या वर गेली. पुढें ती दुर्बीण सुप्रसिद्ध ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे आली व तमिळनाडूंतील कावलूर वेधशाळेंत पोंचली.

दुर्बीण द्यावयाची तर ती वेळींच दिली पाहिजे. आपल्याकडील पावसाळी दमट हवेंत, बंद पेटींतल्या भिंगावर बुरशी धरते. तिच्यांतून पाझरणारें आम्ल कांचेवर कायमचे ओरखडे उठवितें. चार पावसाळे ‘पुढें पाहूं’ म्हणत गेले, तर द्यावयास उरते ती नुसती नळी.

देण्यापूर्वीं थोडें तारतम्य हवें. आरशावरील चकाकी गेली म्हणून तो टाकाऊ ठरत नाहीं. खरें मोल कांचेला दिलेल्या खोलगट आकाराचें. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर पुन्हां चढवितां येतो. मुख्य भिंग दोन कांचांचें असेल, तर त्या कांचा सुट्या करूं नयेत; त्यांचा क्रम किंवा बाजू बदलली कीं प्रतिमा बिघडते. डोळ्याजवळचीं जुनीं भिंगें दुर्बिणीबरोबरच द्यावीं, कारण कित्येक जुन्या दुर्बिणींत त्यांच्या नळीचा व्यास २४.५ मिलिमीटर असे, आणि आज रूढ असलेलीं ३१.७५ मिलिमीटरचीं भिंगें तींत बसत नाहींत. सुटी तिवई, एखादा मळसूत्री खिळा, दिशा साधण्याची लहान दुर्बीण, यांपैकीं कांहींच क्षुद्र नाहीं. एका खिळ्यावांचून दुसऱ्याची दुर्बीण अडलेली असते.

एक वस्तु मात्र कोणालाहि देऊं नये. जुन्या दुर्बिणींबरोबर सूर्य पाहण्यासाठीं एक काळी कांच येत असे. ती डोळ्याजवळच्या भिंगाला लावीत. तेथें सूर्याची उष्णता एकवटते, कांच अचानक तडकते आणि डोळा क्षणांत जातो. ती फोडूनच टाकावी.

शेवटीं एका कागदावर मुख्य भिंगाचा वा आरशाचा व्यास आणि त्याचें केंद्रांतर लिहून ठेवावें. त्या अंतराला डोळ्याजवळच्या भिंगाच्या केंद्रांतरानें भागलें कीं दुर्बीण किती पट मोठें दाखविते तें कळतें. १,००० मिलिमीटरला २५ नें भागलें तर चाळीस पट. शनीचें कडें ओळखावयास तेवढें पुरे.

दान कोणास द्यावें? पुण्यांत १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. त्यानंतर इतरत्रहि आकाशप्रेमी मंडळींचे संघ निघाले. तेथें दुर्बिणीची खरी तहान असलेला कोणी सांपडण्याचा संभव अधिक. शाळेला द्यावयाची तर ती रात्रीं बाहेर काढणारा एखादा शिक्षक तेथें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नाहीं तर माळ्यावरून निघालेली दुर्बीण कपाटांत जाईल, एवढेंच. संस्थेनें जेसोरचें नांव निवडलें तें तेथून येणाऱ्या नोंदी पाहून. देणाऱ्यानें एक संध्याकाळ घेणाऱ्याबरोबर काढावी, चंद्राचे डोंगर एकदां त्याला दाखवावे, आणि मग रिकाम्या हातानें घरीं परतावें.