धंद्याची गणितं (लेखांक ९) : भेटवस्तू कुठल्या खिळ्यावर टांगली जाणार?

डिसेंबर उजाडला की रत्नागिरीत राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत कुठल्याही दुकानात जा, सामानाबरोबर गुंडाळलेलं कॅलेंडर हातात पडतं. पतसंस्थेचं एक, सोनाराचं एक, औषधाच्या दुकानाचं एक. घरी मात्र भिंतीला खिळा एकच. उरलेल्या कॅलेंडरांची पोरांच्या वह्यांना कव्हरं होतात, नाहीतर ती फडताळात अंथरली जातात.

जाहिरातीसाठी वर्षाला किती पैसे काढायचे ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्यातला भेटवस्तूंचा वाटा. बहुतेक दुकानदार याची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने करतात. छपाईवाल्याकडचे नमुने बघायचे आणि पेन, की-चेन, मग यांतलं परवडेल ते उचलायचं. वास्तविक आधी ठरायला हवं ते गिऱ्हाइकाने काय करावं आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात करावं. वस्तूचा विचार त्यानंतर.

खिळ्याची लढाई जिंकली ती ‘कालनिर्णय’ने. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं. ते मालवणचे, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. भटजींकडे विचारायला जावं लागायचं ते पंचांग त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणलं. संकष्टीचा चंद्रोदय पुढच्या बाजूला, पाककृती आणि लेख मागच्या. दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख त्याच चौकटींत लिहिली जाऊ लागली. कंपन्या आपलं नाव छापलेल्या ‘कालनिर्णय’च्या प्रती घेऊन वाटतात त्या उगाच नाही. घरात एरवी पैसे देऊन आणलं जाणारं कॅलेंडर त्यांचं नाव घेऊन आत जातं. तेव्हा देवाचं चित्र आणि खाली तारखा, असं आणखी एक कॅलेंडर छापायचा बेत असेल तर माझ्या मते तो सोडून द्यावा.

आता बागायतदाराचं बघू. मुंबई-पुण्याला थेट पेट्या पाठवणाऱ्याचं गिऱ्हाईक एप्रिलमध्ये आंबा खातं आणि पुढची मागणी द्यायची वेळ येते फेब्रुवारी-मार्चात. मधल्या दहा महिन्यांत पेटी रद्दीवाल्याकडे गेलेली असते, फोन नंबर हरवलेला असतो. शिवाय कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, हे दुखणं वेगळंच. म्हणजे कामं दोन झाली, खात्री पटवणं आणि वेळेवर आठवण देणं. एका वस्तूने ती दोन्ही होत नाहीत.

खात्रीसाठी पेटीतच एक जाड कार्ड टाकावं. बाग कुठल्या गावची, फळ कधी उतरवलं, अढीतला आंबा कितपत पिकलाय, कधी खावा. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वापरायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते. ती असेल तर तिचा क्रमांक कार्डावर ठळक छापावा. आठवणीसाठी जानेवारीत आमसुलांची छोटी पुडी पाठवावी, सोबत मोहोर कसा धरलाय याच्या चार ओळी आणि फोन नंबर. आमटीत आमसूल टाकताना नंबर समोर येतो. मगावरचा नंबर कपाटात पालथा पडून असतो.

गणपतीपुळ्याकडच्या घरगुती निवासवाल्यांनी शिंपल्यांच्या की-चेन द्याव्यात की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. त्यापेक्षा पाहुण्याला उतरल्या उतरल्या त्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळांचं कार्ड द्या. पोरांना घेऊन समुद्रावर कधी जावं, हे त्याला तेव्हाच हवं असतं. तो त्याचा फोटो काढून सोबतच्या मंडळींना पाठवतो आणि तुमचं नाव फुकटात फिरतं.

पिशवीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानाच्या नावाच्या पिशव्यांना महत्त्व आलं आणि बऱ्याच जणांनी कापडासारखी दिसणारी ‘नॉन-वोव्हन’ पिशवी छापून घेतली. ती कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन आहे. राज्याच्या बंदीत तिचंही नाव होतं. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो आणि त्याबरोबर तुमच्या नावाचाही. मांजरपाटाची पिशवी महाग पडते हे खरं. म्हणून ती सरसकट वाटू नये, ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर द्यावी. बचत गटाकडून शिवून घेताना बंद रुंद ठेवायला आणि तळ दुहेरी शिवायला सांगा. दोन नारळ आणि किलोभर कांदे मावले नाहीत, तर ती पिशवी घराबाहेर पडत नाही. नाव बेताच्या अक्षरात छापा. अख्ख्या पिशवीभर जाहिरात मिरवत बाजारात जायला बायका तयार होत नाहीत.

हिशोबाच्या दोन गोष्टी. फुकट वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून खर्च धरताना करासकट धरा. आणि परतावा मोजायची सोय आधी करा. समजा, ४० रुपयांची वस्तू ५०० जणांना दिली, म्हणजे २०,००० गेले. एका पेटीमागे ५०० रुपये सुटत असतील तर या वस्तूमुळे जादा ४० पेट्या खपल्या की खर्च वसूल. नेहमी घेणाऱ्यांच्या पेट्या यात धरू नका, ते तसेही घेणारच होते. प्रत्येक फोनवर ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारून वहीत टिपा. मेअखेर वहीत ४० भरले नाहीत, तर पुढच्या वर्षी ती वस्तू बंद.

(पुढील आठवड्यात : दुकानाची पाटी)