लाटेचा भाता

मी बोलतोय भिलाईच्या हथखोजमधून. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि आजचा विषय लाटांपासून वीज! हसू नका. ही वीज समजायला समुद्रापेक्षा लोहाराचा भाता जास्त उपयोगी पडतो.

पाण्याच्या एका बाटलीचा तळ कापा, झाकण काढा आणि ती बादलीत उभी धरून वरखाली करा. तोंडाशी तळहात धरला तर कळेल, बाटली खाली गेली की हवा बाहेर येते, वर आली की आत ओढली जाते. समुद्रात बाटली स्थिर असते, पाणी वरखाली होतं. एवढाच फरक.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमला आयआयटी मद्रासच्या मंडळींनी हेच काँक्रीटमध्ये केलं. 1991 मध्ये तिथे 150 किलोवॅट क्षमतेचं केंद्र सुरू झालं. मासेमारी बंदराच्या बांधाजवळ एक मोठी पोकळ पेटी, तिचं तोंड पाण्याखाली उघडं. लाट आत शिरली की पेटीतलं पाणी चढतं, वरची हवा ढकलली जाते आणि वरचा पंखा फिरतो.

पण लाट मागे फिरली की हवा उलटी वाहणार. मग पंखाही उलटा फिरेल? बेलफास्टच्या अॅलन वेल्स यांनी 1970च्या दशकात यावर तोड काढली. त्यांच्या पंख्याची पाती दोन्ही बाजूंनी सारखीच फुगीर. हवा आत जावो की बाहेर, तो एकाच दिशेने फिरतो. भात्याला झडप लागते, याला तीही नको. मला तर ही युक्ती फारच आवडते. त्याचा तोटा म्हणजे पंखा आवाज फार करतो आणि थांबला तर स्वतःहून नीट वेग घेत नाही.

खरी मेख पुढेच आहे. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. 1 मीटरची लाट 4 मीटरची झाली की ताकद 16 पट. म्हणजे बांधकाम पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्राला पुरेल असं करायचं, आणि वर्षातले बरेच महिने कमाई मात्र छोट्या लाटांवर. विझिंजमची वीज अशीच कमीजास्त होत राहिली. पुढे तिच्यावर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करून पाहिलं. आता ते केंद्र बंद आहे.

स्पेनमधल्या मुत्रिकू गावाने 2011 मध्ये वेगळा हिशेब मांडला. बंदराला बांध हवाच होता, त्याच्याच पोटात त्यांनी असे 16 पंखे बसवले. कोकणात नवा बांध घालताना कोणी हा हिशेब करून पाहील का?