परभाषकांसाठी लिहिलेली व्याकरणे

'भिंत' ती का आणि 'घर' ते का, असा प्रश्न तेलुगुभाषक विद्यार्थ्याने केला की सिकंदराबादेतील मराठी शिक्षकाची त्रेधा उडते. त्या मुलाच्या भाषेत दोन्ही वस्तूंना एकच सर्वनाम पुरते. आपल्याला जे जन्मतः अवगत असते त्याचा नियम सांगण्याची पाळी परक्याच्या प्रश्नामुळेच येते. माझ्या मते व्याकरणाचा निम्मा जन्म अशा अडचणीतून झाला आहे.

इंग्रजांना फ्रेंच शिकविणाऱ्यांचीही हीच गत होती. आठव्या हेन्रीच्या बहिणीचा शिक्षक जॉन पाल्सग्रेव्ह याने १५३० साली फ्रेंच भाषेचा प्रचंड ग्रंथ इंग्रजीत छापला. आपली शिकवणी बुडू नये म्हणून आपल्या परवानगीवाचून तो कोणास विकू नये, अशी ताकीदही त्याने दिली होती! त्यानंतर लंडनमध्ये शाळा चालविणारा फ्रेंच निर्वासित क्लॉडियस हॉलिबँड निराळ्या वाटेने गेला. १५७३ च्या त्याच्या पुस्तकात नित्याच्या व्यवहारातील संवाद आहेत, तर दुसऱ्या एका पुस्तकात अनुच्चारित अक्षरांखाली त्याने बारीक खूण केली. शिक्षकाला तिचे मोल सांगावयास नको.

हॉलिबँडच्या या उद्योगाच्या काळातच, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास पोहोचला. 'क्रिस्तपुराण' मराठीत रचणाऱ्या या धर्मगुरूने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते १६४० साली रायतूरला छापले गेले, तेव्हा त्याला जाऊन २१ वर्षे झाली होती.

मराठीचे छापील व्याकरण रोममध्ये १७७८ साली निघाले, तेही पोर्तुगीजमध्येच. निजामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांतील प्रचलित मराठी, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. येथील श्रोत्याला निजाम म्हटल्यावर हैदराबाद आठवेल. पण आदिलशहाशेजारी ते नाव अहमदनगरकरांचेच दिसते. निजामशाही १६३६ त आणि आदिलशाही १६८६ त बुडाली असल्यामुळे मूळ मजकूर छपाईच्या पुष्कळ आधीचा असावा, असे मानण्यास जागा आहे.

पुढे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली प्रसिद्ध झाले. त्याला परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. हॉलिबँडची युक्ती अशी मराठीत आली. मात्र व्याकरण देवनागरीत होते आणि कारकून व व्यापारी यांचा रोजचा कागद मोडीत. ते शिकून कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यास समोरचा अर्ज वाचता येण्याची खात्री नव्हती. १८१० च्या कोशात केरी यांनी मोडीचे टंक वापरले, हे त्यांच्या व्यवहारदृष्टीस शोभणारे होते. मराठी मुलांना आपल्या भाषेचे व्याकरण दादोबा पांडुरंगांच्या हातून १८३६ साली मिळाले.

लंडनमध्ये हॉलिबँडची भाषा होती, आणि पुस्तकही त्याचेच होते. कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा हे केरी यांचे प्रमुख सहायक होते. कोणता प्रयोग शुद्ध आणि कोणता कानाला खटकतो, याचा निवाडा मराठी माणसावाचून झालाच नसता. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या केरीसाहेबांचे आहे.