गच्चीला इपॉक्सी की पीयू?

पनवेल : पावसाळ्यात शेवटच्या मजल्यावरच्या छताला ओल आली, की सोसायटीच्या सभेत वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. खर्च सगळ्यांचा असतो, त्यामुळे कोटिंगची निवड चुकली तर वादही सगळ्यांचाच होतो.

इपॉक्सी कुठे चालते?
रेझिन आणि हार्डनर मिसळून हा कडक थर तयार होतो. तळोजा एमआयडीसीतल्यासारख्या कारखान्यांना तो सोयीचा. जमीन बिनसांध्याची होते, धुता येते आणि तेल, अनेक रसायने मुरत नाहीत. पण उन्हात तो पिवळा पडतो, भुकटी सुटते. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, तेव्हा कडक थराला तडे जातात. ओल्या गुळगुळीत फरशीवर पायही घसरतो.

पीयूचे काय?
पॉलियुरेथेन लवचीक असल्याने बारीक भेगांवर ताणले जाते. वीटबाट कोब्याइतके वजन स्लॅबवर पडत नाही. मात्र थर पातळ असतो. गच्चीत खिळा ठोकला की पाण्याला वाट मिळते. उन्हात टिकणारा वरचा हात वेगळा द्यावा लागतो.

काम कधी करावे?
ओलसर स्लॅबवर दोन्ही थर फुगून सुटतात. म्हणून काम पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत करावे. नव्या काँक्रीटला किमान २८ दिवस द्यावेत. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी रात्रभर चिकटवून ठेवावा. खाली दव दिसले तर थांबावे. आधी भेगा बुजवाव्यात, उतार नीट करावा. काम वाळल्यावर ४८ तास पाणी साठवून पाहावे आणि मगच शेवटचे बिल द्यावे.